वीस फुटांची गल्ली

"धरा हे टोक," म्हणत वसंतराव आरग्यांनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि ते मागं मागं चालत गेले, ते थेट हिंगमिरे काकूंच्या तुळशी वृंदावनाला पाठ टेकेपर्यंत.

मुलीचा बाप मुलाचं घर बघायला आला की खोल्या मोजतो, नोकरी पक्की आहे का विचारतो, भाऊ किती आणि वाटण्या झाल्यात का याचा कानोसा घेतो. आरगे यातलं काहीच करत नव्हते. ते मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या बांधांची भांडणं मोजण्यात गेलेलं. घरात आईनं पोहे टाकले होते, नवी चादर अंथरली होती, आणि हे गृहस्थ अजून उंबऱ्यापर्यंतसुद्धा पोचले नव्हते.

"आठ फूट दोन इंच," ते म्हणाले. "लेआउटच्या नकाशात हा रस्ता वीस फुटांचा आहे. मी बघून आलोय. बाकीचा रस्ता कुठं गेला?"

कुठं गेला ते समोर दिसतच होतं. आमचं नंदनवननगर म्हणजे कुपवाडच्या माळावर गुंठा गुंठा पाडून विकलेली जागा. विकणाऱ्यानं माळावर चुन्याची फक्की मारून रस्ते दाखवले, कमानीवर 'नंदनवन' लिहिलं आणि पहिल्या पावसात फक्की वाहून गेली तसा तोही गेला. मग ज्यानं त्यानं घर बांधलं. घर आपल्या गुंठ्यात बांधलं आणि पायऱ्या तेवढ्या रस्त्यात काढल्या. पायऱ्या कुणी घरात काढतं का? मग पायरीशेजारी बसायला कट्टा आला, कट्ट्यावर सावलीला पत्रा आला, पत्र्याला टेकू म्हणून खांब आला. प्रत्येकानं घेतली ती हातभर जागा, आणि ती घेताना प्रत्येकाचं म्हणणं एकच होतं, की समोरच्यानं माझ्याआधी घेतलीय.

"बाळंतपणाला रिक्षा दारात यायला नको?" आरगे टेप गुंडाळत म्हणाले. मी अजून त्यांच्या मुलीशी धड चार वाक्यंही बोललो नव्हतो, त्यामुळं बाळंतपण ऐकून माझे कान लाल झाले. "उद्या कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर खाटेवरून नेणार? आणि नगरपालिका तरी अशा बोळात नळ कशी टाकेल? मी सरळ सांगतो. मुलगा मला पसंत आहे, तुमची गल्ली पसंत नाही. नकाशात आहे ते जमिनीवर आणा, गाडी दारात येऊ द्या, मग तारीख काढू. पण आषाढी एकादशीच्या आत. आष्ट्याचं एक स्थळ थांबलंय. त्यांच्या दारात ट्रॅक्टर वळतो."

जाता जाता त्यांनी आमच्या दाराजवळच्या धुण्याच्या दगडाकडं बोट केलं. "हा कुणाचा?"

"माझ्या माहेरचा हाय," आई दारातून म्हणाली. "त्यो काय हलायचा न्हाई."

आरग्यांनी एकदा आईकडं आणि एकदा दगडाकडं पाहिलं, आणि पोह्यांना हात न लावता गेले.

त्या संध्याकाळी मी पोह्यांची भरली ताटली समोर घेऊन बसलो होतो. उज्ज्वला आरगे मला फार आवडली होती, हे इथं सांगून टाकतो. तिला बघायला मिरजेला गेलो, तेव्हा तिच्या घरचे सगळे होते, एस.टी.त कंडक्टर असलेल्या मामांना तेवढी रजा मिळाली नव्हती. रीतीप्रमाणं मी तिला "स्वयंपाक येतो का" असं विचारलं. ती म्हणाली, "येतो. तुम्हाला येतो का?" तिच्या आईनं तिला डोळ्यांनी दटावलं, आणि मी मात्र तिथंच गार पडलो होतो. आता ती आष्ट्याला जाणार आणि तिच्या दारात ट्रॅक्टर वळणार.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबर आण्णांकडं गेलो. बाबर आण्णा म्हणजे गल्लीचे अध्यक्ष. कुणी निवडलं नव्हतं, पण तोंडावरचं पहिलं घर त्यांचं, त्यामुळं येणाऱ्या जाणाऱ्याला आधी तेच भेटत. त्यांच्या घराच्या बाहेरून वर जाणारा सिमेंटचा जिना गल्लीत असा उतरला होता, की सायकल नेतानाही पोट आत घ्यावं लागे. वर एक भाडेकरू राहायचे, विम्याचे एजंट कुलकर्णी.

"दिगंबर, तुझं लगीन व्हावं असं मला वाटत न्हाई व्हय?" आण्णा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून म्हणाले. "पर जिना काडला तर कुलकर्णी काय उडत यील खाली? आन माझाच जिना का? ती तुळस बघ की. रस्त्याच्या मधोमध. आधी ती हलवायला सांग."

काकूंकडं गेलो. त्या म्हणाल्या, "तुळशीला हात लावायला सांगतोस? जिभंला हाड न्हाई तुझ्या? आधी जिना काड म्हणावं त्याला." तिथून शिकलगार चाचांच्या वेल्डिंगच्या शेडवर गेलो. चाचा म्हणाले, "बेटा, तुळस हलली तर मी शेड काढतो." म्हणजे मी जिथून निघालो होतो तिथंच परत आलो. शेवटी घरी येऊन आईला म्हणालो, निदान आपण तरी दगड हलवू. आई म्हणाली, "आधी जिना, मग तुळस, मग शेड, मग बघू."

असा एक महिना गेला. मी गल्लीत हात जोडून फिरत होतो. माझ्या लग्नाबद्दल सगळ्यांना माया होती, पण ती पायरी मोडण्याइतकी नव्हती.

शेवटी एका संध्याकाळी फाउंड्रीतून सुटल्यावर धीर करून मिरज स्टँडवर गेलो. उज्ज्वला तिथल्या एका दवाखान्यात केसपेपर काढायची आणि सहाच्या सिटी बसनं घरी जायची. मला बघून तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"किती फूट झालं?" तिनं विचारलं.

"आठ फूट दोन इंच," मी म्हणालो. "तेवढंच आहे."

मग मी तिला सगळी कर्मकथा सांगितली. जिना, तुळस, शेड, दगड. ती ऐकत होती आणि मध्येच ओठ दाबून हसत होती, ते मला जरा लागलं.

"तुमच्या गल्लीत सगळे मिळून ऐकतात असं कुणी आहे का?" तिनं विचारलं.

"कुणीच नाही. एक पाण्याचं तेवढं ऐकतात. बोअरसाठी वर्गणी काढलीय, तेवढ्यापुरती एकी आहे. एकदा मारली होती, तिला नुसता धुरळा आला. आता दुसरी बाबर आण्णांच्या दारात मारायची ठरतीय."

"आण्णांच्या दारात म्हणजे गल्लीच्या तोंडाशी?"

"होय."

"म्हणजे बोअरची गाडी आत यायचीच नाही," ती म्हणाली आणि बराच वेळ गप्प राहिली. मला वाटलं, संपलं, आता ही आष्ट्याचं सांगणार. तेवढ्यात बस लागली. पायरीवर चढताना वळून म्हणाली, "दिगंबरराव, तुमच्या आई काही म्हणाल्या तर म्हणू द्या, पण तुम्ही आत्ता कुणाला काही बोलू नका." मला 'राव' म्हणणारी ती पहिलीच, त्यामुळं पुढचं नीट ऐकूच आलं नाही.

पुढच्या रविवारी गल्लीत पाणाड्या आला.

आता पाणाड्या म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारा माणूस. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानातून चालतो, आणि खाली पाणी असेल तिथं नारळ उभा राहतो. हा उंचापुरा, भगवा पटका बांधलेला, कपाळाला भंडारा लावलेला. म्हणाला, जत भागातनं आलोय, दुष्काळात पाणी काढून दिलंय, इथनं चाललो होतो तर पायाखाली गार लागलं. बायका लगेच पदर सावरून पुढं आल्या. बाबर आण्णांनी खुर्ची दिली. आण्णांना वाटलं होतं, नारळ त्यांच्याच दारात उभा राहील आणि लोकांचं तोंड बंद होईल.

पाणाड्यानं डोळे मिटले, तळहातावर नारळ ठेवला आणि तो चालू लागला. आण्णांच्या दारात नारळ आडवाच. तुळशीजवळ जरा हलला, काकूंनी हात जोडले, पण परत पडला. मागून अख्खी गल्ली चालत होती. पाणाड्याला गर्दी नको वाटत असावी, कारण तो सारखा म्हणत होता, "पुढं सरका, पुढं सरका. दारात थांबू नका." लोक सरकत होते. आमचं घर शेवटचं. त्याच्यासमोर गल्लीच्या टोकाला कुणाचाच नसलेला एक रिकामा कोपरा होता. तिथं आल्यावर त्याचा हात थरथरला आणि नारळ ताडकन उभा राहिला.

"हितं," पाणाड्या म्हणाला. "दुसरीकडं मारलासा तर धुरळाच निघंल."

दक्षिणा दिली तेव्हा त्यानं ती नोट उभी दुमडून बोटांच्या बेचक्यात खोचली आणि तो चालता झाला.

बाबर आण्णांनी पाणाड्याची रिकामी खुर्ची उचलली. मग म्हणाले, "पाणाडं काय, सांगत्यात. माझ्या दारातबी लागंल की."

"तुमच्या दारात लागलं तर तुम्ही कुलूप घालशीला," हिंगमिरे काकू म्हणाल्या. आणि ही गोष्ट इतकी खरी होती, की खुद्द आण्णांनाही ती नाकारता येईना. नारळ कुणाच्याच दारात उभा राहिला नव्हता, म्हणून सगळ्यांना तो मान्य होता.

बुधवारी सकाळी बोअरच्या गाड्या आल्या. एक खोदायची आणि एक हवेच्या मशीनची, दोन्ही ट्रकच. मुहूर्ताला यायचं, असं पाणाड्याला त्या रविवारीच बजावलं होतं. तो आला, पण अंग चोरून मागं उभा राहिला. ड्रायव्हर उतरला, त्यानं गल्लीत डोकावलं, दोन्ही हात पसरून पाहिलं आणि सरळ चहाच्या टपरीवर जाऊन बसला. "दुपारी माझं दुसरं काम आहे," त्यानं हिंदीत सांगितलं. "करायचं तर आत्ता करा."

मग जे झालं ते बघायला आरगे हवे होते. महिनाभर मी ज्यांच्या पाया पडत होतो, ते आता एकमेकांच्या अंगावर धावून जात होते, पण मोडायचंच यावर कुणाचं दुमत नव्हतं. भांडण फक्त आधी कुणाचं यावर होतं. शेवटी हिंगमिरे काकू घरात गेल्या, हळद-कुंकू घेऊन आल्या, तुळशीची पूजा केली, रोप मातीसकट तेलाच्या डब्यात लावलं, आणि बाबर आण्णांच्या अंगणातली पहार उचलून वृंदावनाला पहिला घाव त्यांनीच घातला.

"झाली तुळस," घाम पुसत त्या म्हणाल्या. "आता जिना."

आण्णांनी इकडं तिकडं पाहिलं. सगळी गल्ली त्यांच्याकडं बघत होती, आणि टपरीवर ड्रायव्हरचा चहा संपत आला होता. त्यांनी काकूंच्या हातातनं पहार घेतली. "हाणा," ते म्हणाले, आणि अशा त्वेषानं सुरुवात केली, की त्यांना थांबवायचंच राहून गेलं. जिना अर्ध्यावर आला तेव्हा वरून आवाज आला.

"अहो, काय करताय काय? मी वर आहे!"

कुलकर्णी होते. अंगाला साबण, कमरेला पंचा. भूकंप झाला म्हणून आंघोळीतून बाहेर आले होते, आणि बघतात तर दाराबाहेर फक्त हवा. "मला साडेदहाला पार्टी भेटायचीय!" ते ओरडत होते. "आता शिडी आणतो," आण्णांनी वर बघून सांगितलं, आणि राहिलेला जिना पाडायला घेतला. चाचांनी शेडचे नट खोलले, खांब पडले, कट्टे फुटले. कुलकर्ण्यांना दुपारचं जेवण दोरीला बांधलेल्या बादलीतून वर पाठवलं. ते रागावले होते, पण आमटी पुन्हा मागितली.

गाड्या आत आल्या. मशीन सुरू झालं. पांढरा धुरळा असा उडाला की सगळी गल्ली पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसू लागली. बराच वेळ नुसता धुरळाच. लोक पाणाड्याकडं बघायला लागले. पाणाड्या गल्लीच्या तोंडाकडं बघत होता, जिथून आता चांगला रुंद रस्ता बाहेर जात होता. मला त्याची काळजी वाटू लागली.

आणि मग धुरळा ओला झाला. चिखल उडाला. आणि धो धो करत पाण्याचा असा लोट वर आला की कुलकर्णी वरच्या मजल्यावर दुसऱ्यांदा भिजले.

बायका नाचत होत्या. चाचा आणि बाबर आण्णा एकमेकांच्या गळ्यात पडले होते. पाणाड्याला हार घालायला सगळे वळले, तर तो जागेवर नव्हता. गल्लीच्या तोंडाशी त्याचा भगवा पटका पळताना दिसला. "काय निर्लोभी माणूस!" आण्णा म्हणाले. "हारसुदिक घेतला न्हाई."

आठवड्याभरात वसंतराव आरगे टेप घेऊन आले. या वेळी रिक्षातून, दारापर्यंत. गल्लीभर मोजत आले आणि आमच्या दारात थांबले.

"वीसला थोडं कमी पडतंय," ते म्हणाले आणि धुण्याच्या दगडाकडं पाहू लागले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. जिना गेला, तुळस गेली, आणि माझं लग्न माझ्याच आईच्या दगडावर अडलं होतं.

आई बाहेर आली. दगडावरून हात फिरवत म्हणाली, "माझ्या आईनं दिलाय."

"मग टाकायचा कशाला, विहीणबाई?" आरगे म्हणाले. विहीणबाई म्हणाले! त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. "मागं परसात नेऊ. पाणी आता तिकडंच घेता येईल." आणि मी आणि ते, दोघांनी मिळून तो दगड ढकलत मागं नेला. त्यानंतर त्यांनी पोहे खाल्ले, दोन वेळा मागून.

लग्न गल्लीतच झालं. एवढा रस्ता मोकळा मिळालाय म्हटल्यावर कार्यालय कशाला? मांडव बाबर आण्णांच्या दारापासून बोअरपर्यंत पडला. कुलकर्णी सफारी घालून शिडीवरून उतरले. माझ्यासमोर अंतरपाट धरला. मी हार घेऊन उभा राहिलो, आणि भटजींनी हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

मांडवात एकदम कुजबुज झाली. अंतरपाटामुळं मला काही दिसत नव्हतं. त्याच्यावरून फक्त एक गुलाबी फेटा सरकत आला, उंच माणसाचा. मग बाबर आण्णांचा आवाज आला, भटजींच्या हाकेपेक्षा मोठा.

"आरं, ह्यो तर आपला पाणाड्या!"

भटजींनी एकदा सगळ्यांकडं पाहिलं आणि मुहूर्त टळू नये म्हणून जास्तच जोरात मंगलाष्टक सुरू केलं. अक्षता पडत होत्या, त्यातल्या काही जरा जोरानंच पडत होत्या असं मला वाटलं. माझं डोकं मात्र मिरज स्टँडवर गेलं होतं. बोअरची गाडी आत यायचीच नाही, असं म्हणून ती जी गप्प राहिली होती, ते गप्प राहणं मला आता कळलं. नोट दुमडून बोटांत खोचणारा हात, 'पुढं सरका', रजा न मिळालेले मामा. मी आपला समजत होतो, मी मुलगी बघून पसंत केली. तिनं तर माझ्या घरी येण्यासाठी अख्खी गल्ली पाडली होती. माझे डोळे भरून आले. लोकांना वाटलं, मांडवामागच्या चुलीच्या धुरानं.

शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला. उज्ज्वला खाली मान घालून उभी होती, आणि ओठ दाबून हसत होती. तिच्यामागं मामा घामानं निथळत होते. समोर बाबर आण्णा उभे होते, आणि त्यांच्यामागं हिंगमिरे काकू, चाचा, कुलकर्णी आणि सगळी गल्ली.

"खरं सांगा," आण्णा म्हणाले. "तुमाला पाणी दिसलं हुतं का न्हवतं?"

मामांनी भाचीकडं पाहिलं. भाचीनं मान हलवली, म्हणजे सांगून टाका.

"आण्णा, मी एस.टी.चा कंडक्टर," मामा म्हणाले. "मला तिकिटं फाडाय येत्यात. नारळ उभा कसा करायचा ते हिनं शिकवलं, चार नारळ फुटलं त्यात. नाहीतरी तुम्ही डोळं झाकूनच बोअर मारणार हुता, म्हटलं पोरीचं तरी जमंल. आन खाली पाणी हाय हे मला काय ठावं? पाणी वर आलं तवा सगळ्यात आधी मीच घाबरलो. जो पळालो, ते जतलाच थांबलो."

आरग्यांच्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या. आपल्या मेव्हण्याकडं आणि मग आपल्या मुलीकडं ते असे बघत होते, जणू आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं माप चुकलं होतं. बाबर आण्णांनी मोडलेल्या जिन्याकडं पाहिलं. मग गल्लीच्या टोकाला पाहिलं, तिथं बोअरवर बसवलेल्या हापशावर पोरं एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होती. मग खूप वेळ मामांच्या उजव्या हाताकडं पाहिलं.

ते दोन पावलं पुढं आले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"पावणं, माझ्या थोरल्या भावाचं कवठ्याला रान हाय. तीन बोअर कोरड्या गेल्यात. एकदा येऊन जावा की. नारळ मी आणतो."